जुन्या जीपचा मागचा एक्सल आणि त्याचा रेशो कसा ओळखावा

जुनी जीप विकत घेताना नोंदणी पुस्तकात चासी क्रमांक मिळतो, इंजिन क्रमांक मिळतो, उत्पादनाचे साल मिळते. परंतु मागच्या एक्सलमध्ये कोणता क्राउन-पिनियन (मोठ्या आणि लहान दातेरी चाकांची जोडी) बसवलेला आहे, याविषयी त्या पुस्तकात एक अक्षरही नसते. गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा काय बसवले होते हे सालावरून बऱ्याच अंशी सांगता येते, पण आज आत काय आहे ते सांगता येत नाही. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलिसच्या जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे कांदिवलीत तिच्याच अनेक आवृत्त्या कित्येक दशके तयार झाल्या. त्यांपैकी ज्या आज रस्त्यावर आहेत, त्यांतल्या अनेकांचे पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवले गेले आहे, गिअरबॉक्स बदलला आहे, आणि एक्सल निकामी झाल्यावर भंगारातून जो मिळाला तो बसवलेला आहे. वडापला धावलेल्या किंवा लष्कराच्या विक्रीतून आलेल्या जीपच्या बाबतीत तर डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी, एक्सलमधली यंत्रणा) एकदा तरी बदललेले असणार असे धरूनच चालावे.

रेशो माहीत असण्याची गरज मुख्यतः चार प्रसंगी पडते: नवा क्राउन-पिनियन मागवताना, इंजिन किंवा गिअरबॉक्स बदलताना, मोठे टायर चढवताना, आणि पुढचा-मागचा एक्सल जुळतो की नाही हे तपासताना. शेवटचा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमके त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते, म्हणून त्यावर पुढे सविस्तर लिहिले आहे.

रेशो म्हणजे क्राउनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागून येणारी संख्या. जुन्या सिव्हिलियन जीपचा नेहमीचा रेशो ५.३८ होता, त्यात क्राउनला ४३ आणि पिनियनला ८ दाते असतात, आणि भागाकार ५.३७५ येतो. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीपला ३९ व ८ दात्यांची जोडी होती, म्हणजे ४.८८. शेतीकाम आणि ओढकाम डोळ्यांसमोर ठेवून १९४५ मध्ये सिव्हिलियन जीप आली तेव्हा तिला ५.३८ देण्यात आला. याशिवाय आपल्याकडच्या जीपमध्ये ४.२७ (४७ व ११ दाते) आणि ३.७३ (४१ व ११ दाते) या जोड्याही आढळतात. या सर्व जोड्यांतल्या दोन संख्यांना सामाईक भाजक नाही, आणि हा योगायोग नव्हे: पिनियनचा प्रत्येक दाता क्राउनच्या प्रत्येक दात्याशी आळीपाळीने भिडावा आणि झीज सर्वत्र सारखी व्हावी, म्हणून संख्या मुद्दाम तशा निवडलेल्या असतात. त्यामुळे कुणी “रेशो बरोबर पाचचा आहे” असे ठामपणे सांगितले, तर त्याने तो मोजलेला नाही असे खुशाल समजावे.

एक्सल कोणता आहे

रेशो मोजण्यापूर्वी एक्सलची जात ओळखावी, कारण पुढची पद्धत तिच्यावर अवलंबून असते. गाडीच्या मागे बसून डिफरन्शियलच्या फुगीर भागाकडे पाहावे. जीपच्या स्पायसर एक्सलला मागच्या बाजूस बोल्ट लावलेले पत्र्याचे कव्हर असते. ते काढले की क्राउन समोर दिसतो, आणि डिफरन्शियल हौसिंगच्या (एक्सलच्या ओतीव कवचाच्या) आतच बसवलेले असते. याउलट अँबॅसेडरसारख्या मोटारीत बँजो प्रकारचा एक्सल असतो. त्याची मागची गोल टोपी वेल्डिंगने कायमची जोडलेली असते आणि संपूर्ण डिफरन्शियल पुढच्या बाजूने, प्रॉपेलर शाफ्टच्या (इंजिनाची शक्ती एक्सलपर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) अंगाने, बाहेर येते. अशा एक्सलला मागून उघडण्यासारखे काहीच नसल्यामुळे तिथे चाक फिरवून मोजणे हाच सोपा मार्ग उरतो.

स्पायसर आणि डाना या दोन नावांमुळे गोंधळ होऊ देऊ नये. स्पायसर कंपनीने १९४६ मध्ये डाना हे नाव घेतले, त्यामुळे ‘स्पायसर ४४’ आणि ‘डाना ४४’ हा एकच एक्सल आहे. सीजे-३बी (सिव्हिलियन जीपची एक आवृत्ती) आणि तिच्यावरून पुढे महिंद्राने केलेल्या गाड्यांच्या मागे मुख्यतः हाच सापडतो. वायर ब्रश आणि रॉकेलने हौसिंगवरचा चिखल व तेलाचा थर साफ केल्यावर कव्हरच्या कडेजवळच्या जाड फासळीवर ओतकामातच उठवलेला ४४ हा आकडा दिसतो. कव्हरचे १० बोल्ट मोजून लगेच ‘४४’ ठरवू नये, कारण पुढच्या लहान एक्सलच्या कव्हरलाही १० बोल्ट असतात. आकडा झिजला असेल तर कव्हर काढल्यावर क्राउनचा व्यास मोजावा. ४४ चा क्राउन सुमारे साडेआठ इंचांचा असतो आणि पुढचा क्राउन त्याहून स्पष्टपणे लहान असतो.

यानंतर चाकाच्या मध्यभागाकडे वळावे. ग्रीसची टोपी काढल्यावर मध्यभागी खाचांचा मोठा नट आणि त्यातून गेलेली कॉटर पिन दिसली, तर तो निमुळत्या टोकाचा सेमी-फ्लोटिंग हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचा दांडा) आहे. हब चावीवर आणि त्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेला असतो आणि पुलरशिवाय निघत नाही. मध्यभागी नट नसून चाकाचे स्टड थेट शाफ्टच्या फ्लँजमध्ये असतील, तर तो नंतरच्या काळातला फ्लँजवाला सेमी-फ्लोटिंग शाफ्ट. आणि हबच्या मध्यावर सहा लहान बोल्टांनी बसवलेली चकती दिसली, तर तो फुल-फ्लोटिंग एक्सल आहे. महायुद्धातल्या जीपच्या मागे आणि सीजे-२ए च्या सुरुवातीच्या काही गाड्यांत असाच एक्सल होता. फुल-फ्लोटिंगमध्ये गाडीचे वजन हौसिंगवर असते, म्हणून शाफ्ट बाहेर काढला तरी चाक जागेवर राहते. सेमी-फ्लोटिंगमध्ये शाफ्ट तुटला तर चाकासकट बाहेर येऊ शकतो. हाफ शाफ्ट मागवताना ही जात आणि शाफ्टच्या आतल्या टोकावरच्या स्प्लाइनची (लांबट खाचांची) संख्या, म्हणजे १०, १९ किंवा ३०, या दोन्ही गोष्टी दुकानदाराला सांगाव्या लागतात; नुसते ‘जीपचा शाफ्ट’ म्हटल्यास भलताच हातात येण्याची शक्यता मोठी.

पट्टी आणि खुणा

डाना एक्सलच्या कव्हरच्या एखाद्या बोल्टखाली धातूची लहानशी पट्टी अडकवलेली असते. तिच्यावर रेशो किंवा दात्यांच्या संख्या ठोकलेल्या असतात. ‘४३’ आणि ‘८’ असे दोन आकडे शेजारी दिसले तर ५.३८ समजावा. एक्सलच्या नळीवरही एक भाग-क्रमांक ठोकलेला असतो, पण त्याचा उपयोग मूळ यादी हाती असेल तरच होतो. पट्टी सापडली म्हणजे काम संपले असे मात्र समजू नये. कव्हर प्रत्येक वेळी उघडताना ती पट्टी निघते, आणि ती परत लावायची की टूलबॉक्समध्ये टाकायची हे मिस्त्रीच्या मर्जीवर असते. शिवाय आतला क्राउन-पिनियन बदलला तरी पट्टी जुनीच राहते. पट्टीवर आहे ते पूर्वी काय बसवले होते याचे टिपण आहे, आज काय आहे याचा पुरावा नव्हे.

चाक फिरवून मोजणे

कव्हर न उघडता रेशो मोजण्याची पद्धत साधी आहे, परंतु जीपच्या बाबतीत तिच्यात एक धोका आहे जो अनेकांच्या लक्षात येत नाही. सीजे-३बी आणि तिच्या वंशातल्या जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या (पुढच्या आणि मागच्या एक्सलला शक्ती वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, प्रॉपेलर शाफ्टवरच्या ड्रमवर असतो. एक मागचे चाक जॅकने उचलले की डिफरन्शियलमुळे प्रॉपेलर शाफ्ट जखडलेला असूनही जमिनीवरचे चाक पुढे आणि अधांतरी चाक उलट दिशेने फिरू शकते, म्हणजे हँडब्रेक ओढलेला असताना गाडी जॅकवरून घरंगळू शकते. गाडी गिअरमध्ये ठेवल्यानेही याच कारणामुळे काही साधत नाही. म्हणून सपाट, टणक जागा निवडावी, जमिनीवर राहणाऱ्या तिन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके लावावेत, चाक उचलल्यावर एक्सलच्या नळीखाली स्टँड द्यावा आणि मगच गाडीखाली जावे. उतारावर हे काम करूच नये.

फोर व्हीलचा लीव्हर टू व्हीलवर ठेवावा, गिअर न्यूट्रल करावा आणि हँडब्रेक सोडावा. उचललेल्या टायरच्या बाजूवर खडूने एक रेघ आणि तिच्या समोर फेंडरवर किंवा जमिनीवर दुसरी खूण करावी. तिसरी खूण डिफरन्शियलजवळ, प्रॉपेलर शाफ्टच्या योकवर (शाफ्ट जोडणाऱ्या टोकावर) आणि त्याच्या समोरच्या हौसिंगवर करावी. प्रथम चाक एका दिशेला हलकेच फिरवून दात्यांमधला खेळ संपवावा आणि तिथून खुणा जुळवून घ्याव्यात. खेळ न संपवता सुरुवात केली तर जुन्या, झिजलेल्या डिफरन्शियलमध्ये मोजणीत पाव फेऱ्याचा फरक सहज पडतो. त्यानंतर एकाने चाक हळूहळू त्याच दिशेने फिरवावे आणि दुसऱ्याने शाफ्टचे फेरे मोठ्याने मोजावेत. चाक पुढे-मागे करू नये.

आता हिशेबातली मेख. दुसरे चाक जमिनीवर स्थिर असेल, तर उचललेल्या चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा एकच फेरा होतो, कारण डिफरन्शियल दोन्ही चाकांच्या फेऱ्यांची सरासरी घेते. म्हणून चाकाचे दोन फेरे करून प्रॉपेलर शाफ्टचे जितके फेरे होतील तितका रेशो. दोन फेऱ्यांत ५.३८ आणि ४.८८ यांतला अर्ध्या फेऱ्याचा फरक कळतो, पण ४.२७ आणि ४.०९ अशा जवळच्या रेशोंमध्ये डोळा फसतो. त्यासाठी चाकाचे १० फेरे करावेत आणि शाफ्टचे फेरे पाचाने भागावेत. अशा वेळी ५.३८ च्या एक्सलमध्ये शाफ्टचे जवळजवळ २७ फेरे होतात, ४.८८ मध्ये साडेचोवीसला थोडे कमी, ४.२७ मध्ये एकवीस आणि वर एक तृतीयांशाहून किंचित जास्त, तर ३.७३ मध्ये सुमारे १८.६.

दोन्ही मागची चाके एकदम उचलून मोजायला गेल्यास एक चाक फिरवताच दुसरे उलट फिरते, शाफ्ट जागचा हलत नाही आणि आपण चक्रावतो. दोन्ही चाके उचलायची असतील तर दोघांनी ती एकाच वेगाने एकाच दिशेला फिरवावी लागतात, आणि मग चाकाचा एक फेरा म्हणजे क्राउनचा एक फेरा धरावा. एक चाक फिरवल्यावर दुसरे आपणहून त्याच दिशेने जोरात फिरू लागले, तर आत लॉकिंग किंवा लिमिटेड स्लिप डिफरन्शियल असावे, किंवा कुणीतरी स्पायडर गिअर (डिफरन्शियलच्या आतले लहान गिअर) वेल्डिंग करून टाकलेले असावेत. चिखलात गाडी काढण्यासाठी हा आचरट उपाय केलेल्या जीप पाहायला मिळतात, आणि त्या रस्त्यावर वळताना टायर खातात. एक चाक जमिनीवर ठेवून मोजण्याची पद्धत अशा एक्सलवर चालत नाही.

कव्हर उघडून दाते वाचणे

शंका राहिली किंवा तेल नाहीतरी बदलायचेच असेल, तर कव्हर उघडावे. आधी तेल भरण्याचा प्लग सुटतो की नाही ते पाहावे आणि मगच तेल काढावे. जुना गंजलेला प्लग अडकून बसला तर रिकाम्या हौसिंगमध्ये तेल परत भरायला जागा उरत नाही. मग १० बोल्ट सैल करून, खालचे आधी काढून आणि वरचे दोन थोडे धरून ठेवून, कव्हर कडेने उचकटावे. ठोकून वाकवू नये. वाकलेले कव्हर कितीही पॅकिंग लावले तरी गळते.

आत क्राउन फडक्याने पुसून त्याच्या कडेवर बॅटरीचा उजेड पाडावा आणि तो हळूहळू फिरवावा. कडेवर दात्यांच्या दोन संख्या आणि जोडीचा एक क्रमांक कोरलेला दिसतो. पिनियनच्या तोंडावर तोच जोडीचा क्रमांक असला पाहिजे. क्रमांक वेगळे असतील तर कुणीतरी एका सेटचा क्राउन दुसऱ्या सेटच्या पिनियनशी बसवला आहे, आणि गाडीचा घुर्र आवाज बहुधा त्यामुळेच येत असतो. पिनियनच्या तोंडावर कधी अधिक दोन, कधी उणे एक, कधी शून्य असा छोटा आकडा असतो. तो रेशोशी संबंधित नाही. पिनियन किती आत-बाहेर बसवायचा, याची ती इंचाच्या सहस्रांशातली दुरुस्ती असते आणि शिम (पातळ चकत्या) घालताना तिचा उपयोग होतो. कोरलेले आकडे वाचता आले नाहीत तर दाते मोजावेत: क्राउनच्या एका दात्यावर खडूची खूण करून पूर्ण फेरा मोजावा. पिनियनचे दाते मागून पूर्ण दिसत नाहीत, पण क्राउनचे दाते आणि आधी फिरवून काढलेला ढोबळ रेशो हाती असल्यावर पिनियनची संख्या भागाकाराने मिळते. क्राउनला ४३ दाते आणि ढोबळ रेशो ५.४ असेल, तर पिनियनला ८ शिवाय दुसरी संख्या असू शकत नाही.

बेअरिंगच्या टोप्यांना हात लावू नये. त्या जागच्या जागी तासलेल्या असतात, त्यांच्यावर आणि हौसिंगवर जुळणाऱ्या खुणा असतात आणि उलटसुलट बसवल्यास क्राउनची बैठक बिघडते. तेलात चमकणारी बारीक पूड थोडीफार असणारच. परंतु दात्याचा तुकडा किंवा बेअरिंगच्या रोलरची कपची सापडली तर कव्हर लगेच बंद करून गाडी फिटरकडे न्यावी. बंद करताना पृष्ठभाग नीट खरवडून नवे पॅकिंग लावावे आणि ९० नंबरचे ईपी गिअर तेल भरणीच्या भोकाच्या कडेपर्यंत भरावे. हायपॉइड दात्यांना साधे तेल चालत नाही.

रस्त्यावरचा ताळा

गाडीला आरपीएम मीटर असेल, तर सपाट रस्त्यावर एक ताळा घेता येतो. टायरवर आणि जमिनीवर खूण करून, गाडीत नेहमीचे वजन ठेवून, चाकाचा एक पूर्ण फेरा ढकलत न्यावा आणि अंतर मोजावे. ६.००-१६ च्या टायरमध्ये ते २.२ मीटरच्या आसपास येते. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाकाचे सुमारे ४५५ फेरे. टॉप गिअर थेट असल्याने इंजिन ५.३८ च्या एक्सलवर सुमारे २४४० फेऱ्यांनी, ४.८८ वर सुमारे २२१५ ने आणि ४.२७ वर सुमारे १९४० ने चालेल. पाच गिअरचा बॉक्स बसवला असेल तर हा ताळा चौथ्या गिअरमध्ये घ्यावा, कारण थेट गिअर सहसा तो असतो. वेग मात्र मोबाइलच्या जीपीएसवरून घ्यावा, स्पीडोमीटरवरून नव्हे. जीपच्या स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून निघते. एक्सल त्यानंतर येतो. त्यामुळे मूळ ५.३८ च्या जागी ४.२७ बसवला असेल तर स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ७५ ने धावत असते. उलट बाजूने पाहता, टायर मूळ मापाचे असूनही स्पीडोमीटर जीपीएसपेक्षा इतका मागे असेल, तर रेशो बदलल्याची ती पहिली खूण मानावी.

पुढचा एक्सल जुळतो का

मागचा रेशो समजल्यावर तोच प्रयोग पुढच्या एक्सलवर केल्याशिवाय फोर व्हीलचा लीव्हर ओढू नये. मागचा एक्सल भंगारातून बदलला आणि पुढचा तसाच राहिला, हे फार सर्रास घडते. पुढे ५.३८ आणि मागे ४.८८ असेल, तर फोर व्हील लावताच दोन्ही एक्सल एकमेकांशी दहा टक्क्यांच्या फरकाने झगडू लागतात. चिखलात चाके घसरून तो ताण निघून जातो. डांबरी रस्त्यावर तो साठत जातो, लीव्हर बाहेर येत नाही, आणि शेवटी ट्रान्सफर केसचा गिअर किंवा हाफ शाफ्ट मोडतो. पुढे मोजताना फ्री व्हील हब (चाकाला शाफ्टपासून सोडवता येणारे हब) असतील तर ते लॉक करावेत, लीव्हर टू व्हीलवरच ठेवावा, म्हणजे पुढचा प्रॉपेलर शाफ्ट मोकळा फिरतो, आणि एक चाक उचलून वरील पद्धतीनेच फेरे मोजावेत. स्टिअरिंग सरळ ठेवावे.

दोन्ही एक्सल एकाच रेशोवर आणायचे असतील, तर कुठला बदलायचा हे ठरवण्यापूर्वी ४४ ची एक गोष्ट लक्षात घ्यावी. या एक्सलमध्ये ३.७३ आणि त्याखालच्या रेशोंसाठी एक कॅरिअर (क्राउन ज्यावर बसतो तो सांगाडा) असतो आणि ३.९२ व त्यावरच्यांसाठी दुसरा, कारण कमी रेशोच्या पिनियनचे डोके जाड असते आणि क्राउन त्याच्यापासून दूर बसवावा लागतो. म्हणून ५.३८ काढून ४.८८ किंवा ४.२७ बसवताना जुना कॅरिअर चालतो, ३.७३ बसवायचा असेल तर कॅरिअरही मागवावा लागतो. क्राउनखाली जाड वॉशर घालून तो सरकवलेला आढळला, तर हे गणित आधीच कुणीतरी टाळलेले आहे, आणि त्या वॉशरसकट क्राउनचे बोल्ट किती धागे पकडतात हे पाहिल्याशिवाय कव्हर बंद करू नये. बाजारात सेट घेताना क्राउन आणि पिनियन दोन्हींवरचा जोडीचा क्रमांक दुकानातच पुसून वाचावा, दाते मोजावेत, आणि क्रमांक न जुळणारा सेट, किंमत कितीही कमी असली तरी, तिथेच ठेवून यावा.